ब्राउझरमध्ये साइट उघडते, मग 'गो' प्रोग्राममध्ये एरर का येतो? एचटीटीपीएस रिक्वेस्ट अडकण्याची कारणं आणि उपाय

३० सप्टेंबर २०२१. भारतात संध्याकाळचे ७ वाजून ३१ मिनिटं झाली आणि जगभरातली अनेक जुनी उपकरणं, ॲप्स आणि सर्व्हर अचानक एकमेकांशी बोलेनासे झाले. हा कुठलाही सायबर हल्ला नव्हता. 'डीएसटी रूट सीए एक्स३' नावाच्या एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली होती, एवढंच. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था वेबसाइट्सना मोफत सर्टिफिकेट देते. तिच्यावर कोट्यवधी साइट्स अवलंबून आहेत आणि सुरुवातीची काही वर्षं तिची विश्वासार्हता याच जुन्या सर्टिफिकेटवर टेकलेली होती.

गंमत म्हणजे ही तारीख २००० सालापासून त्या सर्टिफिकेटवरच लिहिलेली होती. तरीही अनेक जण गाफील राहिले.

अशीच अडचण छोट्या प्रमाणात रोज कुणाला ना कुणाला येते. कोड बरोबर असतो, इंटरनेट सुरू असतं, साइट ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडते. पण आपण लिहिलेला प्रोग्राम मात्र लाल अक्षरात सांगतो: 'एक्स५०९: सर्टिफिकेट साइन्ड बाय अननोन अथॉरिटी'. म्हणजे, 'या सर्टिफिकेटवर सही कुणाची आहे, मी ओळखत नाही.'

हा एरर नेमका का येतो? तो कसा सोडवायचा? आणि तो 'गप्प' करणारा सगळ्यात सोपा उपाय सगळ्यात धोकादायक का आहे? समजून घेऊया 'गो' या भाषेच्या उदाहरणातून.

'गो' म्हणजे काय?

'गो' ही गूगलमध्ये तयार झालेली प्रोग्रामिंग भाषा. रॉबर्ट ग्रीसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी २००७ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. डॉकर आणि कुबरनेटिस ही क्लाउडच्या जगातली दोन मोठी नावं याच भाषेत लिहिलेली आहेत. तुम्ही फोनवर वापरता त्यापैकी अनेक ॲप्सच्या मागचे सर्व्हरही 'गो'मध्ये असतात.

ही 'कंपाइल्ड' भाषा आहे. म्हणजे लिहिलेला कोड आधी यंत्राच्या भाषेत बदलला जातो आणि त्यातून एक तयार फाइल मिळते. तिला बायनरी म्हणतात. ही फाइल उचलून त्याच प्रकारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवली की चालते. डबा भरून दिल्यासारखं.

'गो'चं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे सुरक्षित कनेक्शनसाठी लागणारा कोड तिचा स्वतःचा आहे. अनेक भाषा त्यासाठी 'ओपनएसएसएल' ही प्रसिद्ध लायब्ररी वापरतात, 'गो' वापरत नाही. त्यामुळे २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' नावाची मोठी त्रुटी सापडली, तेव्हा 'गो'चा कोड त्यातून सुटला. पण याची दुसरी बाजूही आहे. हा कोड बायनरीच्या आतच भरलेला असतो. त्यात त्रुटी सापडली तर नुसती ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट करून भागत नाही. 'गो'ची नवी आवृत्ती घेऊन प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागतो.

कुलपामागे काय घडतं?

पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असतं, तेव्हा माहिती पाठवण्याआधी दोन्ही बाजूंमध्ये ओळखपरेड होते. तिला टीएलएस हँडशेक म्हणतात. त्यात समोरचा सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो, दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि मग पुढचं सगळं बोलणं त्या किल्लीने कुलूपबंद होतं.

हे सर्टिफिकेट खरं कशावरून मानायचं? यासाठी उत्पन्नाचा दाखला डोळ्यासमोर आणा. दाखल्यावर तहसीलदाराची सही असते. तहसीलदाराला शासनाने नेमलेलं असतं. आपला विश्वास शासनावर असतो, म्हणून तहसीलदारावर आणि म्हणून दाखल्यावर.

वेबसाइटचंही तसंच आहे. साइटच्या सर्टिफिकेटवर मधल्या सर्टिफिकेटची सही असते आणि मधल्यावर 'रूट' म्हणजे मूळ सर्टिफिकेटची. कोणत्या रूटवर विश्वास ठेवायचा, याची यादी आपल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीच असते. साखळी त्या यादीपर्यंत पोहोचली तर प्रवेश, नाहीतर एरर.

ब्राउझरमध्ये चालतं, मग प्रोग्राममध्ये का नाही?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. समजा, एखाद्या साइटच्या सर्व्हरने स्वतःचं सर्टिफिकेट दिलं, पण मधलं द्यायला विसरला. दाखला आहे, पण तहसीलदाराच्या नेमणुकीचा कागद नाही.

क्रोम आणि सफारी अशा वेळी मदतीला धावतात. मधलं सर्टिफिकेट कुठे मिळेल, याचा पत्ता साइटच्या सर्टिफिकेटमध्येच लिहिलेला असतो. ते तिथे जाऊन ते घेऊन येतात. फायरफॉक्स अशी मधली सर्टिफिकेट्स आधीच जवळ बाळगतो. त्यामुळे साइट उघडते आणि चूक झाकली जाते.

लिनक्सवर चालणारा 'गो' प्रोग्राम मात्र खिडकीवरच्या कडक कारकुनासारखा वागतो. 'कागद अपुरे आहेत, पूर्ण घेऊन या.' तो स्वतः शोधायला जात नाही.

यात आणखी एक गुंता आहे. विंडोज आणि मॅकवर 'गो' ही तपासणी ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवतो आणि तिथे मधलं सर्टिफिकेट परस्पर मिळू शकतं. म्हणून कॉलेजचा प्रोजेक्ट लॅपटॉपवर छान चालतो आणि क्लाउडवरच्या लिनक्स सर्व्हरवर टाकला की सादरीकरणाच्या दिवशी अडकतो. 'माझ्याकडे तर चालत होतं' हे वाक्य अशा वेळी शंभर टक्के खरं असतं.

आधी ठरवा, अडलंय कुठे?

एक सुरक्षित रिक्वेस्ट चार टप्प्यांतून जाते. एरर वाचून टप्पा ओळखला की निम्मं काम झालं.

१. पत्ता शोधणे: एररमध्ये 'नो सच होस्ट' दिसलं तर साइटचं नावच सापडलेलं नाही. टायपिंगची चूक किंवा डीएनएसची अडचण.

२. दार ठोठावणे: 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पत्ता सापडला, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी नाही. एचटीटीपीएसचं नेहमीचं पोर्ट ४४३.

३. ओळखपरेड: 'एक्स५०९' किंवा 'टीएलएस' हे शब्द दिसले की अडचण हँडशेकमध्ये आहे. या लेखाचा मुख्य विषय तोच.

४. प्रत्यक्ष बोलणं: ४०१, ४०४, ५०० असे आकडे आले तर सुरक्षेचा भाग सुरळीत पार पडलेला आहे. लक्षात ठेवा, 'गो'च्या दृष्टीने ४०४ हा एरर नाही. सर्व्हरने उत्तर दिलं, एवढंच त्याला दिसतं. तो आकडा आपल्या कोडमध्ये आपणच तपासायचा असतो.

नेमका कोणता टप्पा किती वेळ घेतोय हे पाहायचं असेल, तर 'गो'च्या स्टँडर्ड लायब्ररीत 'एचटीटीपीट्रेस' नावाचं पॅकेज आहे. पत्ता कधी सापडला, कनेक्शन कधी झालं, हँडशेक कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे सगळं ते सांगतं.

नेहमी दिसणारे एरर आणि त्यांचे उपाय

'सर्टिफिकेट साइन्ड बाय अननोन अथॉरिटी'

सही करणारा ओळखीचा नाही. यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं.

पहिलं, मधलं सर्टिफिकेट गायब. ओपनएसएसएल टूलच्या 'एस_क्लायंट' कमांडला 'शोसर्ट्स' हा पर्याय दिला की सर्व्हर कोणकोणती सर्टिफिकेट्स पाठवतोय ते दिसतं. एकच दिसलं तर बहुतेक गुन्हेगार सापडला. इथे दुरुस्ती सर्व्हरवाल्याने करायची असते. त्याने पूर्ण साखळीची फाइल लावली पाहिजे.

दुसरं, यादीच नाही. डॉकरमध्ये 'स्क्रॅच' नावाची पूर्ण रिकामी इमेज असते. 'गो'ची बायनरी एकटीच चालू शकते, म्हणून अनेक जण ती स्क्रॅचमध्ये ठेवतात. पण त्या रिकाम्या खोलीत विश्वासार्ह रूटची यादीही नसते. मग कोणतीही साइट अनोळखीच वाटणार. उपाय सोपा आहे: 'सीए-सर्टिफिकेट्स' पॅकेजमधली यादीची फाइल इमेजमध्ये कॉपी करा. यादी वेगळ्या जागी ठेवली असेल तर 'एसएसएल_सर्ट_फाइल' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचा पत्ता द्या. यादी थेट बायनरीत भरण्याची सोयही 'गो'मध्ये आहे. पण डब्यात भरलेली यादी तिथेच शिळी होते. ती ताजी ठेवायची तर वेळोवेळी पुन्हा कंपाइल करणं आलं.

तिसरं, मध्ये ऑफिसचा प्रॉक्सी. अनेक कंपन्यांमध्ये सगळं इंटरनेट एका तपासनाक्यातून जातं. तो नाका मूळ सर्टिफिकेटच्या जागी कंपनीचं स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतो. ऑफिसच्या ब्राउझरला ते आधीच शिकवलेलं असतं, तुमच्या प्रोग्रामला नाही. आयटी विभागाकडून कंपनीचं रूट सर्टिफिकेट मागून घ्या आणि यादीत जोडा. इथे एक चूक हमखास होते. कोडमध्ये नवी कोरी यादी बनवून त्यात फक्त कंपनीचं रूट टाकलं जातं. मग ऑफिसच्या साइट्स चालू लागतात आणि बाहेरच्या बंद पडतात. आधी सिस्टीमची यादी घ्या, मग तिच्यात भर घाला.

'सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड ऑर इज नॉट येट व्हॅलिड'

मुदत संपली आहे किंवा अजून सुरूच झालेली नाही. 'गो' या एररमध्ये तुमच्या यंत्राची चालू वेळही छापतो. आधी ती वाचा. वेळ चुकीची असेल तर दोष घड्याळाचा. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेल्समध्ये वीज गेल्यावर वेळ सांभाळणारं घड्याळ नसतं. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत ती जुन्याच तारखेत जगतात आणि कालच मिळालेलं सर्टिफिकेट त्यांना 'भविष्यातलं' वाटतं. वेळ बरोबर असेल, तर मात्र सर्व्हरवाल्याने नूतनीकरण करायला हवं.

'सर्टिफिकेट इज व्हॅलिड फॉर अमुक, नॉट तमुक'

दाखला खरा आहे, पण दुसऱ्याच्या नावाचा. पत्ता चुकला असेल, किंवा साइटच्या नावाऐवजी थेट आयपी क्रमांक वापरला असेल. याच घराण्यातला एक एरर 'लेगसी कॉमन नेम फील्ड'बद्दल तक्रार करतो. पूर्वी साइटचं नाव सर्टिफिकेटच्या 'कॉमन नेम' रकान्यात लिहायचे. आता ते 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' या रकान्यात असावं लागतं. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या 'गो' १.१५ ने जुना रकाना पाहणं बंद केलं आणि कंपन्यांच्या आत घरगुती पद्धतीने बनवलेली कितीतरी सर्टिफिकेट्स रातोरात बाद झाली. उपाय एकच: योग्य रकान्यात नाव घालून नवं सर्टिफिकेट बनवा.

'प्रोटोकॉल व्हर्जन नॉट सपोर्टेड' किंवा 'हँडशेक फेल्युअर'

दोघांची भाषा जुळत नाही. टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या. मार्च २०२२ च्या 'गो' १.१८ पासून प्रोग्राम स्वतःहून किमान टीएलएस १.२ मागतो. फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ ने किल्ली ठरवण्याची आरएसए ही जुनी पद्धतही आपोआप सुचवणं थांबवलं. म्हणून 'कोडला हातही लावला नाही, फक्त गो अपडेट केलं आणि बंद पडलं' अशी तक्रार येते. समोरचा सर्व्हर सुधारणं हाच खरा उपाय. ते अजिबात शक्य नसेल, तर फक्त त्या एका सर्व्हरपुरती वेगळी, जुनी सेटिंग ठेवा. सगळ्या प्रोग्रामची पातळी खाली आणू नका.

'सर्व्हर गेव्ह एचटीटीपी रिस्पॉन्स टू एचटीटीपीएस क्लायंट'

तुम्ही कुलूपबंद भाषेत बोललात, समोरून साधं उत्तर आलं. बहुतेक वेळा पोर्ट चुकलेलं असतं. घरच्या कॉम्प्युटरवरच्या चाचणी सर्व्हरबाबत हे फार होतं.

'टीएलएस हँडशेक टाइमआउट'

सर्टिफिकेटची तपासणी पूर्ण होण्याआधीच वेळ संपली. नेहमीच्या सेटिंगमध्ये 'गो' हँडशेकसाठी १० सेकंद थांबतो. संथ नेटवर्क, फायरवॉल किंवा चुकीचा प्रॉक्सी ही नेहमीची कारणं. 'एचटीटीपीएस_प्रॉक्सी' हे व्हेरिएबल कुणी आधी सेट करून ठेवलंय का, तेही पाहा. 'गो' ते मुकाट्याने पाळतो. आणि हो, संपूर्ण रिक्वेस्टला मात्र 'गो' आपणहून कोणतीही वेळमर्यादा लावत नाही. ती तुम्हीच लावा, नाहीतर प्रोग्राम उत्तराची वाट पाहत तसाच बसून राहील.

त्या एका ओळीचा मोह

आता मूळ मुद्दा. इंटरनेटवर हा एरर शोधला की एक जादूची ओळ सापडते: 'इनसिक्युअर स्किप व्हेरिफाय: ट्रू'. ती टाकली की एरर गायब. नावातच 'इनसिक्युअर' आहे, तरी ती कॉपी-पेस्ट होते, कारण डेडलाइन उद्याची असते.

ही ओळ काय करते? कुलूप तसंच ठेवते, पण समोरची व्यक्ती कोण हे विचारणं बंद करते. दाराला भक्कम कडी आहे, पण आत येणाऱ्याचा चेहराच पाहिलेला नाही. स्टेशनवरच्या मोफत वायफायमध्ये कुणी मध्येच बसून स्वतःचं बनावट सर्टिफिकेट दाखवलं, तरी प्रोग्राम त्याच्याशी विश्वासाने बोलेल. पासवर्ड, कार्ड क्रमांक, सगळं त्याच्या हातात. 'गो'च्या अधिकृत माहितीतही ही सेटिंग फक्त चाचणीपुरती किंवा स्वतः लिहिलेल्या वेगळ्या तपासणीसोबतच वापरावी, असं स्पष्ट लिहिलं आहे.

हे घडलेलंही आहे. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सिनेमाची तिकिटं विकणाऱ्या 'फॅन्डँगो' आणि आर्थिक सेवा देणाऱ्या 'क्रेडिट कर्मा' या दोन कंपन्यांवरची कारवाई जाहीर केली. दोघांच्याही मोबाइल ॲपमध्ये सर्टिफिकेटची तपासणी बंद होती. फॅन्डँगोच्या आयफोन ॲपमध्ये ती जवळपास चार वर्षं बंद राहिली. क्रेडिट कर्माच्या बाबतीत, चाचणीसाठी बंद केलेली तपासणी ॲप बाजारात आणताना पुन्हा सुरूच केली गेली नव्हती. पुढची २० वर्षं दर दोन वर्षांनी स्वतंत्र संस्थेकडून सुरक्षा तपासून घ्यायची, अशी अट दोन्ही कंपन्यांना मान्य करावी लागली.

या सगळ्यात वापरणाऱ्यांना काहीच कळलं नाही. ब्राउझरमध्ये निदान कुलपाचं चिन्ह किंवा इशारा दिसतो. ॲपच्या आत काय चाललंय, ते फक्त कोड लिहिणाऱ्यालाच माहीत.

आणि सही करणाराच फसला तर?

तेही झालं आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या 'डिजिनोटार' या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीत हॅकर्स शिरले. त्यांनी गूगलच्या नावाचं बनावट सर्टिफिकेट काढलं आणि ते इराणमधल्या वापरकर्त्यांवर पाळत ठेवण्यासाठी वापरलं गेलं. ब्राउझर्सनी डिजिनोटारचं नाव यादीतून काढून टाकलं आणि त्याच सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडचं उदाहरण जुलै २०१४ चं. नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर, म्हणजे एनआयसीच्या यंत्रणेतून गूगलच्या काही पत्त्यांची अनधिकृत सर्टिफिकेट्स निघाल्याचं गूगलच्या लक्षात आलं. भारताच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीजने लगेच एनआयसीची मधली सर्टिफिकेट्स रद्द केली.

यातून प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट घ्यायची: विश्वासाची यादी बदलत राहते. कुणी आत येतं, कुणाला बाहेर काढलं जातं. म्हणून ती ताजी ठेवणं हा देखभालीचाच भाग आहे.

पुढे काय?

मुदत संपण्याचे प्रसंग आता वाढणार आहेत. सप्टेंबर २०२० पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या 'सीए/ब्राउझर फोरम'ने ती टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. कॅलेंडरवर खूण करून हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस संपत आलेत. ते काम आपोआप होईल, अशी व्यवस्था लावावीच लागेल.

थोडक्यात, एरर आला तर

• पूर्ण एरर वाचा. 'गो' बहुतेक वेळा कारण त्यातच सांगतो.
• टप्पा ओळखा: पत्ता, दार, ओळखपरेड की प्रत्यक्ष बोलणं.
• यंत्राची तारीख आणि वेळ तपासा.
• सर्व्हर पूर्ण साखळी पाठवतोय का, ते पाहा.
• तुमच्या सर्व्हरवर किंवा डॉकर इमेजमध्ये रूटची यादी आहे का, ते पाहा.
• मध्ये ऑफिसचा प्रॉक्सी आहे का, ते विचारा.
• 'गो'ची आवृत्ती आणि रूटची यादी दोन्ही ताजी ठेवा, आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल करा.
• तपासणी बंद करणारी ओळ प्रोजेक्टमध्ये कुठे राहून गेली आहे का, ते आजच शोधा.

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे. ती ओळ सापडली, तर काढून टाका. एरर परत आला तर येऊ द्या. तो का आला, हे शोधायचं कसं, ते आता तुम्हाला माहीत आहे.